उलटा पळणारा माणूस

१ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ही वही. ब्लडप्रेशर वाढलंय. मनात येईल ते लगेच ओरडू नका, लिहून काढा, म्हणाले. बायकोने, ग्लेनिसने, त्याच दिवशी वही आणली. माझ्या गोळ्या आणायला तिला तीन दिवस लागतात.

संकल्प. बेकरीतला व्हॅनिला स्लाइस बंद. या सीझनला अंपायरवर ओरडायचं नाही. मागच्या वर्षी कुंपणाजवळ उभं राहून "चष्मा घरी राहिला का रे?" एवढंच मी विचारायचो. दर शनिवारी, चाळीसेक वेळा. त्यावरून लीगने मला दोन पत्रं पाठवली. साध्या चौकशीचाही लोकांना राग येतो.

तिसरा संकल्प खरा. नलकारा फुटबॉल क्लबच्या निवड समितीत परत जायचं. आमचं फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन, चेंडू हातात धरून खेळायचं; बाकीच्या जगाचं ते वेगळं. समितीत तीन माणसं. दर गुरुवारी प्रॅक्टिस संपली की ती मागच्या खोलीत दार लावून बसतात आणि शनिवारी कोणते अठरा खेळणार, कोण कुठे उभा राहणार, ते ठरवतात. अकरा वर्षं मी त्या खोलीत होतो. दोन वर्षांपूर्वी काढलं. कारण क्षुल्लक. सेमीफायनलला मी निवडलेला फुल-फॉरवर्ड, म्हणजे गोल मारायचा मुख्य माणूस, त्या दिवशी बालीला हनीमूनवर होता. हे मला कुणीतरी सांगायला नको? लग्नाला मी होतो, ते वेगळं.

तेव्हापासून गुरुवारी मी बाहेर बसतो. आतून हसण्याचा आवाज येतो. फार लागतं ते. हे फक्त इथे लिहितोय.

पण आता क्लॅरी हॉकिंग समुद्राकाठी राहायला गेलाय. एक खुर्ची रिकामी आहे.

९ जानेवारी, मंगळवार. ४२ डिग्री

बाहेर पडणं अशक्य. फ्रीजवर टीम मांडली. ग्लेनिसकडे फळांचे मॅग्नेट आहेत, नेमके अठरा. हा योगायोग नाही. कलिंगड म्हणजे टॉड नित्शके, आमचा फुल-बॅक. गोलसमोर उभा राहिला की समोरच्याला सूर्य दिसत नाही. चेरी म्हणजे केन, बुटका, चपळ, गोलच्या आसपास घुटमळणारा. आंबा म्हणजे कॅप्टन रॉडनी. लिंबू डाव्या विंगला. लिंबाचं वजन वाढायला हवं, मागच्या वर्षी वाऱ्यानेसुद्धा त्याला दोनदा रेषेबाहेर नेलं.

अननस बाजूला ठेवलाय. अननस म्हणजे रकमन. मधोमध चेंडू उसळला की ज्याचा हात सगळ्यात आधी लागतो तो. आमचा स्ट्यूई दोन मीटर उंच होता, तो पश्चिमेकडे खाणीत कामाला गेला. रकमन नसेल तर बाकीचे सतरा नुसते पळापळ करणारे.

संध्याकाळी ग्लेनिसने सामानाची यादी लावायला लिंबू आणि दोन पेरू काढून घेतले. डावी बाजू कोसळली. मी काही बोललो नाही. लिहितोय.

१३ जानेवारी, शनिवार

बेकरीबाहेरच्या बाकावर वॉली हेम्पेल. पंचवीस वर्षं शनिवारी सकाळी आम्ही या बाकावर बसून सीझन ठरवतो. वॉलीचं म्हणणं, टॉडला पुढे गोल मारायला पाठवा, मागे उभा राहून तो नुसता जाडा होतोय. मी म्हणालो, टॉड पुढे गेला तर मागे कोण? वॉली म्हणाला, मागे कुणीही चालेल, मागच्या वर्षी तसंही सगळ्यांचे गोल झालेच. याला मी टीका म्हणत नाही, निराशा म्हणतो. सोळापैकी एक मॅच जिंकलो होतो, तीही समोरच्यांची बस बंद पडली म्हणून.

मग नोएल नित्शके आला. टॉडचा बाप, निवड समितीचा प्रमुख, गावाबाहेर वीस किलोमीटरवर गव्हाची शेती. ब्रेड घेता घेता म्हणाला की रकमन मिळाला नाही तर समिती नेमून तरी काय उपयोग. जो रकमन आणेल त्याला क्लॅरीची खुर्ची.

तो हे हसत म्हणाला. मी हसलो नाही.

अर्धा स्लाइस खाल्ला. अर्धा म्हणजे संकल्प मोडला असं होत नाही.

२३ जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी ७

घाईत लिहितोय, अक्षर वाईट येणार.

ग्राउंडवरून गाडी नेत होतो. मैदानात एकटाच माणूस. उंच. निदान एक मीटर पंच्याण्णव. गाडी थांबवली. तो मैदानाच्या मधोमध गेला, दोन्ही हातांनी चेंडू जोरात जमिनीवर आपटला. चेंडू सरळ वर, चर्चच्या कळसाइतका. आणि हा माणूस उलटा पळत सुटला. पाठमोरा नाही, उलटा. तोंड चेंडूकडे आणि पाय मागे मागे. आणि वेग असा की मी पुढेसुद्धा तसा कधी पळालो नाही.

पुन्हा चेंडू, पुन्हा उलटा. अकरा वेळा मोजलं.

बावन्न वर्षं फुटबॉल बघतोय. असं अंग कधी बघितलं नाही. उलटा पळणारा रकमन. चेंडू डोक्यावरून मागे गेला तरी याला वळायची गरज नाही. उडी मात्र एकदाही मारली नाही. गुडघे जपतोय. सीझनला अडीच महिने आहेत, शहाणा माणूस.

कुणाला सांगायचं नाही. शेजारच्या टॅरोविनवाल्यांना कुणकुण लागली तर रातोरात पळवतील.

२४ जानेवारी, बुधवार

माहिती काढली. नाव अँब्रोज व्हेला. वय सत्तावीस. मेलबर्नचा. सायलोवर, गावच्या धान्यकोठारावर, ट्रकांचं वजन करायच्या नोकरीवर डिसेंबरात आला. ग्लेनिसला हे सगळं आधीच माहीत होतं. लायब्ररीत येतो म्हणे, सभ्य मुलगा आहे. आणि तो फुटबॉल खेळत नाही, असं त्याने स्वतः तिला सांगितलं.

मी मनात हसलो. लायब्ररीत कुणी खरं सांगतं का? याचा अर्थ दुसऱ्या क्लबांपासून लपतोय. अननस आज मधोमध लावला.

१ फेब्रुवारी, गुरुवार

ओळख केली. सहज ग्राउंडला चाललोय असं दाखवलं. हातात चार दिवसांचा शिळा ब्रेड, बदकांसाठी. ग्राउंडवर बदकं नाहीत, पण त्याला कुठे माहीत.

मी म्हणालो, पळणं बघितलं, तोड नाही. तो लाजला. मेलबर्नमध्ये चार वर्षं केलंय, म्हणाला, पण इकडची पातळी वेगळी, लोक कुंपणाजवळून फार ओरडतात असं ऐकलंय. मी म्हणालो, काही वेडगळ लोक असतात, लक्ष द्यायचं नाही.

मग मुद्द्यावर आलो. तेरा एप्रिलला पहिली मॅच, आमच्याच ग्राउंडवर, टॅरोविनविरुद्ध. त्या दिवशी तू आहेस ना?

"हो, माझं नाव आलंय. मधोमध मीच असणार," तो म्हणाला.

मधोमध! म्हणजे स्वतःची जागासुद्धा त्याला कळली आहे. घरी येईपर्यंत गाडीत गात होतो.

१० फेब्रुवारी, शनिवार

बाकावर वॉलीला म्हणालो की यंदा फायनलला जाऊ. त्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग तासभर त्याने लिंबाची, म्हणजे जेडची, काळजी केली, आणि रॉडनीचा गुडघा, आणि केनला पुढे ठेवावं की मधल्या फळीत. मी सगळ्याला हो म्हणत राहिलो. ज्याच्या खिशात हुकमाचा एक्का आहे त्याने वाद कशाला घालावा. वॉलीला ते सहन झालं नाही. मी बरा आहे का, असं त्याने ग्लेनिसला फोन करून विचारलं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

अँब्रोजसाठी दोन व्हॅनिला स्लाइस नेले. घेतले नाहीत. म्हणाला, क्लबच्या माणसाकडून मी काही घेत नाही, बरं दिसत नाही. काय ही शिस्त! आहार इतका कडक ठेवणारा खेळाडू आमच्या लीगमध्ये दुसरा नाही. टॉड प्रॅक्टिसच्या आधी बटाटे तळून खातो.

दोन्ही स्लाइस मलाच खावे लागले. उन्हात टिकले नसते.

त्याच्याकडे आज शिट्टी होती. स्वतःच वाजवतो आणि स्वतःच पळतो. कोच नसताना स्वतःला एवढी शिस्त लावणारा माणूस मी पाहिला नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

ग्लेनिसने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मी म्हणालो, माझी नजर घारीसारखी आहे, ग्राउंडच्या या टोकाहून त्या टोकाचा फाउल मला दिसतो. ती म्हणाली, अंपायरला दिसत नाहीत ते फाउल तुला दिसतात म्हणूनच घेऊन चाललेय.

चष्मा लागला. डॉक्टरच्या यंत्रात काहीतरी बिघाड असावा. आणून फ्रीजवर ठेवला. मी तो घालणार नाही. शनिवारी चष्मा लावून कुंपणाजवळ उभा राहिलो तर माझ्या बोलण्याला वजन राहील का?

२९ फेब्रुवारी, गुरुवार

नव्या माणसाला आपल्या टीमची माहिती हवी. कोण कसा खेळतो हे ठाऊक नसेल तर मधोमध उभा राहून करणार काय? म्हणून आज बाकड्यावर बसवून सगळं सांगितलं. तो वही काढून लिहून घेत होता! मीसुद्धा समितीत असताना इतकं लिहिलं नव्हतं.

टॉडचं गुपित सांगितलं. समोरचा उडी मारायला गेला की टॉड डाव्या हाताने त्याची जर्सी खालून धरतो. कमरेपाशी. अंपायर उजव्या बाजूला असतो, त्याला दिसत नाही. नऊ वर्षांत एकदा पकडला गेलाय, तोही हातमोजा अडकला म्हणून. अँब्रोज म्हणाला, "म्हणजे डाव्या बाजूला उभं राहायला हवं." काय डोकं आहे! मित्राच्या मदतीला कुठल्या बाजूने जायचं ते एका वाक्यात ओळखलं.

केनचंही सांगितलं. कुणी हात लावला की केन मान मागे टाकून गोळी लागल्यासारखा पडतो, फ्री किक मिळते. आणि कॅप्टन रॉडनी घाईत असला की चेंडू मुठीने मारत नाही, सरळ फेकतो. नियमात बसत नाही, पण मूठ आधी पुढे करून दाखवतो, त्यामुळे खपतं. अँब्रोज हसला. म्हणाला, इतकं मोकळेपणाने मला आजवर कुठल्याच क्लबच्या माणसाने सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, अरे, आपण एकाच बाजूचे.

यावर त्याने वही मिटून खिशात घातली. भारावला असावा.

७ मार्च, गुरुवार

खेळाडूचा फॉर्म नेला. सही करायची, नाव नोंदवायचं, संपलं. त्याने फॉर्म वाचला, आणि मोठ्याने हसला. म्हणाला, मस्करी चांगली आहे, डेस, पण माझं नाव तर लीगकडे जानेवारीतच गेलंय.

थेट लीगकडे! म्हणजे हे काम वरूनच झालंय. आमच्या सेक्रेटरीच्या हातून अर्ज जायला तीन आठवडे लागतात आणि त्यात स्पेलिंग चुकतं. फॉर्म परत आणला. मागच्या बाजूला सामानाची यादी लिहायला ग्लेनिसला दिला.

१४ मार्च, गुरुवार

नोएलला गाठलं. म्हणालो, रकमन आणलाय. नाव विचारू नकोस. लीगकडे नोंद झाली आहे. टॅरोविनला कळता कामा नये.

माझ्यावर विश्वास ठेवायची त्याला सवय नाही, आणि दुसरा रकमनही नाही. विचारलं, उंची? सांगितली. खेळला कुठे? मेलबर्नला, चार वर्षं. मग प्रॅक्टिसला का येत नाही? सायलोची शिफ्ट. एकटा प्रॅक्टिस करतो, मी स्वतः जातीने बघतोय, सात आठवडे.

नोएल म्हणाला, "डेस, हा माणूस बालीत नाही ना?"

नाही म्हणालो. हात पुढे केला. त्याने धरला.

२१ मार्च, गुरुवार. संध्याकाळी

आज त्या खोलीत बसलो. क्लॅरीची खुर्ची डुगडुगते, पण खुर्ची ती खुर्ची. दार मी स्वतः लावलं. बाहेर वॉली बसला होता, त्याच्या तोंडावर लावलं हे खरं, पण नियम आहे. वडिलांचा फोटो त्याच भिंतीवर, त्यांनी वीस वर्षं टीम निवडली. दोन वर्षांनी मला तो समोरून दिसला. डोळे भरून आले. नोएलला सांगितलं, धूळ आहे.

मग आम्ही तिघं हसलो. कशावर ते आठवत नाही. बाहेर ऐकू जावं म्हणून मी जरा मोठ्यानेच हसलो.

३० मार्च, शनिवार

प्रॅक्टिस मॅच होती, चाळीस डिग्री झाल्यामुळे रद्द. बरंच झालं. अँब्रोजला आधीच उघडं करायचं नव्हतं.

वॉली बाकावर आला नाही. ग्लेनिस म्हणाली, दार तोंडावर लावलंस ना? मी म्हणालो, मोठ्या पदावर एकटेपणा येतोच. मग तिने आईस्क्रीमचा डबा उचलून आत ठेवला.

११ एप्रिल, गुरुवार

टीम निवडली. टॉड मागे, केन पुढे, रॉडनी मध्ये, जेड डाव्या विंगला, वजन दोन किलो वाढलंय, त्यातलं एक केसांचं. बावीस नंबरची जर्सी अँब्रोजसाठी धुवून घेतली. फळ्यावर रकमनसमोर "शनिवारी जाहीर" असं मी स्वतः खडूने लिहिलं. राखीव कुणी ठेवायचा का, नोएलने विचारलं. मी म्हणालो, गरज नाही. राखीव ठेवणं म्हणजे अविश्वास.

शेवटी नोएलच्या कानात नाव सांगितलं. तो म्हणाला, हे नाव हल्लीच कुठेतरी वाचलंय, लीगच्या कसल्या तरी मेलमध्ये. मी म्हणालो, वाचलं असशीलच. मोठं नाव आहे.

१३ एप्रिल, शनिवार. सकाळी ८

झोप नाही. ऊन छान. वारा उत्तरेचा, म्हणजे पहिल्या पाळीत आपण सायलोच्या बाजूला मारायचं. तीन वर्षांत पहिल्यांदा क्लबचा टाय बांधला. ग्लेनिसने चष्मा पुढे केला. नको म्हणालो.

१३ एप्रिल. संध्याकाळी ६

लिहायचं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून लिहितो.

दीड वाजता ड्रेसिंग रूममध्ये बावीस नंबरची जर्सी खुंटीवर होती. दोनला दहा कमी, तरी खुंटीवर. नोएल दर मिनिटाला माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, मोठे खेळाडू शेवटी येतात.

मग स्कोअरबोर्डखालच्या पत्र्याच्या खोलीतून तिघं जण बाहेर आले. पिवळ्या शर्टात. त्यातला सगळ्यात उंच जो होता त्याने माझ्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला, कोण आहे ते न कळता. नोएलने विचारलं, अंपायर तुला हात का दाखवतोय?

तो मधोमध गेला. दोन्ही हातांनी चेंडू जमिनीवर आपटला. चेंडू सरळ वर, कळसाइतका. आणि दोन्ही रकमनना जागा करून देत तो उलटा पळत सुटला. तसाच. अगदी तसाच.

बावन्न वर्षं दर शनिवारी अंपायर चेंडू आपटून उलटा पळतो. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला, प्रत्येक गोलनंतर. हजारो वेळा माझ्यासमोर पळाला असेल. मी तेव्हा ओरडत होतो. बघितलं कधीच नव्हतं.

नोएलने तोपर्यंत बेकरीवाल्या ट्रेव्हरला बावीस नंबर घालायला लावला होता. ट्रेव्हर उंचीने माझ्याएवढा, आणि मी कमी उंचीचा आहे.

तरीही पोरं लढली. हे लिहायलाच हवं. जेड वाऱ्यातसुद्धा उभा राहिला. पण केन मान टाकून पडला आणि अँब्रोजने त्याला उठ म्हणून खूण केली. पाच वेळा. पाचव्यांदा केन नुसताच पडून राहिला, विचार करत. रॉडनीने चेंडू फेकला, शिट्टी. पुन्हा फेकला, पुन्हा शिट्टी. रॉडनी हताश होऊन स्वतःच्या मुठीकडे बघत होता.

शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन पॉइंटनी पुढे होतो. टॅरोविनविरुद्ध, सहा वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा माणूस गोलसमोर उडी मारायला गेला. टॉडचा डावा हात खाली गेला. अँब्रोज डाव्या बाजूला उभा होता.

फ्री किक. गोल. सहा पॉइंट. चारनी हरलो.

सगळ्या कुंपणाने आरडाओरडा केला. मी एक शब्द काढला नाही. वर्षातला एक संकल्प पाळला गेला, तो असा.

मॅचनंतर अँब्रोज आला. घामाने निथळत होता, चेहरा प्रसन्न. माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "तुम्ही सांगितलं नसतंत तर टॉडचा हात मलाही दिसला नसता." शेजारी टॉड उभा होता.

१४ एप्रिल, रविवार

शांतपणे विचार केला. चूक माझी नाही. त्याने स्पष्ट सांगायला हवं होतं. त्याने फॉर्मवर सही केली नाही, खाऊ घेतला नाही, शिट्टी वाजवली, खेळत नाही म्हणाला, नाव लीगकडे आहे म्हणाला. पण "मी अंपायर आहे" असं एकदा तरी म्हणायला काय झालं होतं? ग्लेनिसला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, अख्ख्या गावाला ठाऊक होतं, तुलाही असेल असंच सगळ्यांना वाटलं. तू दर गुरुवारी ब्रेड घेऊन त्याच्याकडे जायचास. लोकांना वाटलं, तू सुधारलास.

तिने मुद्दाम म्हटलं नसेल, पण यानंतर मला जेवण गेलं नाही.

खुर्ची जाणार नाही. एका मॅचवरून माणूस काढत नाहीत. मागच्या वेळीही एकाच मॅचवरून काढलं होतं, पण तो अपवाद.

१८ एप्रिल, गुरुवार

लीगकडून पत्र आलं. तिसरं. या वेळी माझ्या नावाने नाही, क्लबच्या नावाने. प्रॅक्टिसनंतर सगळे जेवायला बसले असताना सेक्रेटरीने मोठ्याने वाचलं. नलकारा क्लबचे श्री. डेस पॅस्को यांनी सीझनपूर्वी स्वतःहून पंचांना भेटून आपल्या खेळाडूंच्या नियमबाह्य सवयींची सविस्तर माहिती दिली. अशी खिलाडूवृत्ती विरळा. लीग त्यांची आभारी आहे.

चाळीस माणसं. कुणाचा काटा प्लेटला लागला नाही. केनने मान मागे टाकली, सवयीने. टॉड उठून बाहेर गेला.

नोएलने मला मागच्या खोलीत बोलावलं. दार त्याने लावलं. शेवटचं. तो माझ्या वडिलांच्या फोटोकडे बघत होता. माझ्याकडे बघणं टाळत असावा. मग म्हणाला की पोरांना आता मी या खोलीत नको आहे, त्याचाही नाइलाज आहे. मी म्हणालो, कळतं. खरंच कळत होतं, म्हणून डोळे पुसले. या वेळी धूळ आहे म्हणालो नाही.

मग त्याने कपाटातून एक पांढरा कोट काढला आणि दोन झेंडे. प्रत्येक क्लबने स्वतःचा एक गोल-अंपायर द्यावा लागतो. दोन खांबांमध्ये उभं राहायचं, चेंडू आत गेला की बोट दाखवायचं, झेंडे हलवायचे. म्हातारा पर्सी हे करायचा, त्याचं कमरेचं ऑपरेशन झालंय. दुसरं कुणी तयार नाही.

"पंचांशी तुझं जमतंय," नोएल म्हणाला. चेष्टेत नाही म्हणाला, हेच जास्त लागलं.

तेल गेलं, तूप गेलं, हाती दोन झेंडे आले.

क्लबबाहेर वॉली गाडीत वाट बघत होता. काही न विचारता त्याने घरी सोडलं. उतरताना म्हणाला, शनिवारी सकाळी बाकावर ये, जेडबद्दल बोलायचंय. घरात येऊन फ्रीजच्या दारावरून अननस काढला आणि वर ठेवून दिला.

२० एप्रिल, शनिवार

सकाळी बाकावर गेलो. स्लाइस खाल्ला. वॉलीने पैसे दिले. जेड पुढच्या महिन्यात कॅप्टन होईल, असं माझं मत. वॉली म्हणाला, तू म्हणालास ना, आता बिचाऱ्याचं काही खरं नाही.

दुपारी कोट घातला. बाह्या लांब. एकट्याने खांबांमध्ये उभं राहिलं की ग्राउंड फार मोठं वाटतं आणि कुंपण फार जवळ. अँब्रोजने लांबून अंगठा दाखवला.

तिसऱ्या पाळीत केनने चेंडू मारला. आपलाच केन, आपलाच गोल. चेंडू वाऱ्याने वळत आला. खांबाला लागला की आतून गेला? खांबाला लागला तर एक पॉइंट, आतून गेला तर सहा. मला पांढरं धुकं दिसलं आणि त्यात काहीतरी लाल. प्रामाणिक राहायचं ठरवलं. एक बोट दाखवलं, म्हणजे एकच पॉइंट. एक झेंडा हलवला.

केन गुडघ्यांवर बसला. या वेळी खरोखर. अख्खं कुंपण माझ्यावर ओरडलं, बावन्न वर्षं ज्यांच्याबरोबर उभं राहून ओरडलो तीच माणसं. नोएल, ट्रेव्हर, सेक्रेटरी. आणि त्या गोंगाटातून एक आवाज स्पष्ट आला, अठ्ठेचाळीस वर्षं ओळखीचा.

"डेस! चष्मा घरी राहिला का रे?"

मागे वळून बघितलं. ग्लेनिस दिसली नाही. इतक्या लांबचं मला दिसत नाही.

चष्मा घरीच होता. फ्रीजवर, अननसाशेजारी.